बाजाराच्या दिवशी शून्य

माझी सख्खी नात फाट्यावरच्या दगडावर बसली होती. मी खालून सरपणाचा भारा घेऊन चढत आले. तिनं मान वर केली, मला बघितलं आणि मांडीवरच्या कागदावर एक रेघ ओढली. आजी म्हणून हाक नाही, भाऱ्याला हात लावणं नाही.

"कुठं गेली होतीस?" तिनं विचारलं. आवाज असा, की मी जणू परगावची.

"तुला ठाव नाय? सकाळी तुझ्यासमोर कोयता घेऊन निघाले ना मी."

"विचारावं लागतं, आजी. कशासाठी गेली होतीस?"

"नाचायला गेले होते. डोक्यावर दिसतंय ते लिव्ह."

तिनं लिहिलं. हसलीसुद्धा नाही.

"आता नाव लिव्ह. लहानूबाई कोंडाजी धिंदळे."

"नाव नाही लिहायचं. एक बाई, पायी, डोक्यावर ओझं, सरपण. एवढंच."

इथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. नाव न लिहिता मोजणारे मी एकच बघितले होते, वनखात्याचे. उन्हाळ्यात पाणवठ्यावर मचाण बांधून बसतात. सांबर आलं की एक रेघ, बिबट्या आला की एक रेघ. बिबट्याला कुठं नाव असतं.

पमी, म्हणजे प्रमिला, माझ्या थोरल्याची पोर. हिरडदऱ्याच्या वरच्या वाडीतून कॉलेजात गेलेली पहिलीच. तालुक्याच्या आदिवासी कॉलेजला सरकारनं मदत दिली आणि तिथं नवा वर्ग निघाला, वाहतुकीचा. फी नाही, राहणं-जेवण फुकट, पुढं एसटीत नाहीतर रस्त्यांच्या खात्यात नोकरी मिळेल, असं सांगत होते. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, वाहतूक म्हणजे ओझं वाहणं, ते मी हिला घरच्या घरी शिकवलं असतं, सरकारला कशाला तोशीस. सगळे हसले. मी हसले नव्हते. सरकार आमच्या पोरींना जेवू घालतंय तर बदल्यात काय मागणार, हा माझा सवाल होता आणि त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं. आता उत्तर फाट्यावर येऊन बसलं होतं, गळ्यात कॉलेजचा बिल्ला घालून. तसला बिल्ला आमच्याकडं गुरांच्या कानात मारतात.

"कोणी बसवलं तुला इथं?"

"लेंडे सरांनी. वर्गाचं काम आहे. तीन दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. ज्यानं त्यानं आपल्या गावच्या फाट्यावर बसायचं. किती माणसं जातात, कशाला जातात, ते मोजायचं. चार गावं आहेत. जिथं माणसं जास्त, त्या वाटेचा रस्ता करा म्हणून कागद वर जाणार. मग छोटी गाडी वाडीपर्यंत येईल."

"आन् नाय भरली माणसं तर?"

"तर आपला फाटा यादीतून गेला. पण भरतील ना. उद्या बाजार आहे."

"धरणवालेबी आधी रस्ताच म्हणले होते."

"हे धरणवाले नाहीत, आजी."

"तुला काय ठाव. तुपला बापसुद्धा तेव्हा रांगत होता."

भारा घेऊन मी घरी आले, पण जीव लागेना. मी लग्न होऊन आले ते खालच्या गावात. तांबडी-पांढरी काठी घेऊन माणसं आली, खुंट्या ठोकल्या, रस्ता होणार म्हणाली. चौथ्या वर्षी पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं. आम्ही वर सरकलो, जंगलाच्या कडेला. ती जमीन आपली म्हणून कागद मिळवायला कोंडाजीच्या आणि माझ्या मिळून किती वहाणा झिजल्या त्याला गणती नाही. आता तिच्यावरून उठवलं असतं, तर आणखी वर सरकायला डोंगर उरला नव्हता.

दुपारी पमीला भाकरी घेऊन गेले. ती हात धुवायला बाजूला झाली तेवढ्यात मी कागद उचलला. माझी शाळा दुसरीपर्यंत. एकेक अक्षर बोटानं धरून वाचते. पहिल्या ओळीत हिरडदरा सापडलं. त्याच्या पुढं व. त्याच्या पुढं न. वन. मी कागद होता तसा ठेवला. पुढचं वाचायची मला गरजच वाटली नाही.

पुढं लिहिलं होतं, वनहद्दीतून जाणारी पायवाट. हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी हापशावर सगळी वाडी असते. मी हंडा खाली ठेवला आणि सांगितलं, "उद्या बाजाराला कोणी फाट्यानं जायचं नाय. वढ्यानं उतरायचं, वढ्यानंच वर यायचं. परवाबी तसंच."

"वहिनी," कावजी भाऊजी म्हणाले. ते माझे चुलतदीर आणि वाडीचे पोलीस पाटील. "वढ्यानं म्हंजी अर्धा कोस जास्ती. त्यात डोक्यावर हिरड्याची गोणी."

"तुमच्या डोक्यावर मी टोपीशिवाय कधी काय बघितलं नाय, भाऊजी. तुम्हाला कसला त्रास?"

बाया हसल्या.

"पर पोर आपलीच हाय. ती म्हणती रस्त्यासाठी हाय."

"पोर आपली. कागद कुणाचा?"

भाऊजी दाढी खाजवत राहिले. माझी सून सुमन, पमीची आई, तेवढी हळू बोलली, "आत्या, तिच्या परीक्षेचं काम आहे ते. तिचं नुकसान होईल."

"परीक्षा बुडाली तर पुन्हा बसंल. जमीन बुडाली तर कुठं बसंल?"

बायांनी हंडे उचलले. माझ्यासमोर बोलायची वाडीत कोणाला सवय नव्हती, आणि ती मी लागू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी फाट्याच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीत जाऊन बसले. पमीला कोण भेटायला येतं ते मला बघायचं होतं. वनखात्याचा खाकीवाला येणार अशी माझी खात्री होती.

पमी सहाच्या आधीच दगडावर होती. पेन्सिलीला टोक काढलं. नवा कागद लावला. वाट रिकामी. बाजाराच्या दिवशी या वाटेनं एवढी गर्दी असते की डोक्यावरच्या पाट्या एकमेकींना घासतात. आज एक कुत्रं गेलं. पमीनं त्याच्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि नाही लिहिलं.

मग खालून ओढ्यातून आवाज यायला लागले. दगडांवरून घसरलेल्या बाया, कोणाची तरी शेळी, कावजी भाऊजींचा खोकला. सगळी वाडी तिच्या पायाखालून चालली होती. पमी उठून उभी राहिली. झाडीमुळं दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कितीतरी वेळ ती कान देऊन उभी होती. मला वाटलं, आता ही धावत खाली जाईल नाहीतर बसून रेघा ओढेल. ती परत दगडावर बसली आणि कागदावर एक गोल काढला. तासाभरानं त्याच्याखाली दुसरा गोल. डब्याचं झाकण तिनं उघडलंच नाही.

अकराच्या सुमारास खालून एक माणूस चढत आला. खाकीवाला नव्हता. बारीक अंगाचा पोरगेला माणूस, वहाणेचा अंगठा तुटलेला, हातात फटफटीची किल्ली. हे लेंडे सर. मी कोणी बडा साहेब धरून चालले होते. हा तर आमच्यातलाच दिसत होता.

"किती झाले?" त्यानं विचारलं.

"शून्य, सर. तुम्ही एक."

"मला धरू नकोस. बाजाराच्या दिवशी शून्य?"

पमीनं कागद पुढं केला.

"अगं, तुमच्या वाडीच्या बाया खाली बाजारात हिरडा घेऊन बसल्यात. मी आत्ता बघून आलो. त्या काय उडून गेल्या?"

"फाट्यावरून नाही गेल्या."

"मग कुठून गेल्या?"

"मला जागा सोडता येत नाही ना, सर. मला दिसल्या नाहीत."

सर दगडावर टेकले. घाम पुसला. "हे बघ, प्रमिला. चारही फाट्यांचे कागद परवा वर जाणार. शून्य गेलं तर हिरडदरा कटला. वर्ग नवा आहे, सरकार आपल्याकडं बघतंय, पोरांना काही येतं की नाही म्हणून. अंदाजानं एकशे साठ टाक. खोटं थोडंच आहे? बाया आहेत की खाली. मी सही करतो."

"नको, सर."

"तुझ्याच वाडीचा रस्ता आहे हा."

"म्हणूनच नको. उद्या कोणी विचारलं, हे एकशे साठ तू बघितलेस का, तर मी काय सांगू?"

सर वैतागले. "कोणी अडवलंय का लोकांना? नाव सांग. मी जाऊन बोलतो."

मी जाळीत आणखी आत सरकले.

"कोणी नाही, सर," पमी म्हणाली.

पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की यांना मी दिसले आहे आणि हे सोंग माझ्यासाठी चाललंय. मी दोघांकडं डोळे फाडून बघत राहिले. पण पमीचा खालचा ओठ थरथरत होता. ती दोन वर्षांची असल्यापासून रडू आवरताना तिचा ओठ तसाच होतो, आणि तो तिला मुद्दाम करता येत नाही.

सर गेले. ती बसून राहिली. बाराला तिनं आणखी एक गोल काढला.

खालच्या गावात आमचे आंबे होते. एकोणीस. भरपाईसाठी झाडं लिहायला धरणाचा मोजणीवाला तंबूत बसला होता. मी नवी सून, तरी तोंड वर करून एकेक झाड बोटानं दाखवत होते. त्यानं तंबूबाहेर मानसुद्धा काढली नाही आणि अकरा लिहिले. सासऱ्यांचा अंगठा त्या अकरावर उमटला. जन्मभर मी कोणालाही सांगायचे, मला मोजणाऱ्यांचा राग आहे. पण त्या माणसानं मोजलं कुठं होतं? आणि ही माझी नात, सगळं गाव कानांनी ऐकून, वाटेवर दिसलं नाही म्हणून शून्य लिहीत होती.

घरी गेले ती ओढ्यानंच. माझाच हुकूम होता. दोनदा घसरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परत हापशावर उभी राहिले. "आज समद्यांनी फाट्यानं जायचं. बाया, बाप्ये, पोरंसोरं. खाली उतरायचं, परत वर यायचं."

"आज बाजार नाय, वहिनी," भाऊजी म्हणाले. "खाली जाऊन करायचं काय?"

"वर यायचं."

"काल अर्धा कोस चालवलं, आज फुकट चालवताय. तुमच्या मनात हाय तरी काय?"

"चालताय का गोणी देऊ डोक्यावर?"

चालले. रिकाम्या पाट्या घेऊन बाया, शेळ्या, म्हातारे, झाडून सगळे. मी मागं. पमीनं आम्हाला येताना बघितलं आणि पेन्सिल घेतली.

"काकू, कुठं चाललात?"

"खाली."

"कशासाठी?"

"तुझ्या आजीनं सांगितलं."

पुढच्या बाईनंही तेच सांगितलं. तिच्या पुढचीनंही. मग कावजी भाऊजी खालून वर आले, त्यांची दुसरी खेप.

"आजोबा, तुम्ही आत्ताच गेलात ना?"

"आलो परत."

"कशासाठी गेला होतात?"

"परत यायला."

सगळी वाट हसायला लागली. पमीनं पेन्सिल कानावर खोचली. "आजी, पुढं ये."

मला असं कोणी बोलवत नाही. तरी गेले.

"काल गाव लपवलंस, आज मिरवतेस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "कामाशिवाय चालणाऱ्याला यात धरत नाहीत. मी धरणार नाही."

"तोंड सांभाळ, पमे."

"तुझंच तोंड आहे ते. माझ्याकडं आलंय."

बाया लुगड्याचे पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी विचारलं, "मी लपवलं हे तुला कोणी सांगितलं?"

"काल ओढ्यातून बाया तुझ्या नावानं बोटं मोडत चालल्या होत्या. दिसल्या नाहीत, पण ऐकू आल्या. ऐकलेलं लिहायला माझ्याकडं रकाना नाही."

"मग त्या मास्तरला नाव का नाय सांगितलंस?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिला उमगलं. "जाळीत तू होतीस होय?"

मी पदर दंडावर ओढला. अंगावर ओरखडे होते, ते बोलत होते.

"नाव मी कशाला सांगू?" पमी म्हणाली. "तुला सांगता येतं की."

आणि ती वाटेकडं तोंड करून बसली. वाडीच्या देखत एवढं कोणी मला ऐकवलं नव्हतं. सुमन पुढं आली, पोरीला काही बोलणार होती, मी हातानं थांबवलं. खाली उतरणाऱ्यांना परत पाठवलं. मग पमीजवळ दुसऱ्या दगडावर बसले.

"आता काय होतंय?"

"काही नाही. शून्य जाईल."

"परत मोजता नाय येत?"

"येतं. फेरमोजणी म्हणतात त्याला. पण का हवी ते लेखी द्यावं लागतं. ज्याच्यामुळं झालं, त्याच्या सहीनं."

सासऱ्यांचा अंगठा लागला त्या दिवसापासून मी कोणत्याच सरकारी कागदावर सही-अंगठा केलेला नव्हता. जमिनीच्या कागदावरही कोंडाजीची सही होती, मी शेजारी उभी.

"बोलाव तुपल्या मास्तरला," मी म्हटलं.

त्या कागदानं फेरमोजणी मिळाली, पुढच्या बाजाराच्या दिवशी फाट्यावर दोनशे चौदा भरले, रस्ता व्हायला त्यानंतर सहा वर्षं गेली आणि मध्ये दोनदा खडी गायब झाली. पमी आता जिल्ह्याला रस्त्यांच्या खात्यात आहे, गावोगाव फाट्यावर पोरं बसवते. हे सगळं पुढचं. मला विचाराल तर मला आठवतो तो कागद लिहिला तो अर्धा तास.

कावजी भाऊजींच्या ओट्यावर लेंडे सर मांडी घालून बसले. सहा वाजून गेले होते, दिवस मावळतीला आला होता. माझ्याशी अदबीनं बोलत होते, दोन पावलं लांबून, जसं मारक्या म्हशीशी बोलतात. भराभर लिहिलं आणि पेन माझ्यापुढं धरलं.

"आधी वाचा," मी म्हटलं.

"साधंच आहे, आजी."

"साधं असंल तर वाचायला काय जड जातंय?"

सरांनी वाचलं. "मौजे हिरडदरा येथील ग्रामस्थांच्या गैरसमजामुळे बाजाराच्या दिवशी मोजणी होऊ शकली नाही. तरी फेरमोजणीस परवानगी मिळावी ही विनंती."

"ग्रामस्थ म्हंजी कोण?"

"गावचे लोक."

"लोकांचा काय संबंध? त्यांना कुठं पाठवलं ते मी पाठवलं. ते खोडा. लहानूबाई कोंडाजी धिंदळे लिव्हा."

भाऊजींनी टोपी काढून परत घातली. सरांनी खोडलं, लिहिलं.

"आन् ते दुसरं काय होतं, गैर..."

"गैरसमज. म्हणजे तुमच्या लक्षात आलं नव्हतं."

"लक्षात न यायला मी काय तान्ही हाय? या पोरीनं पहिल्याच दिवशी समदं सांगितलं होतं. समजलं होतं मला. मी मानलं नाय. संशय होता. संशय लिव्हा."

"आजी, सरकारी कागदावर असं कोणी लिहीत नाही."

"मग न्या तुमचं शून्य."

सरांनी पमीकडं बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती, पॅड छातीशी धरून.

"लिहा, सर," ती म्हणाली. "ती सांगते तसंच लिहा."

सरांनी गैरसमज खोडला आणि वर संशय लिहिलं. "झालं?"

"होता लिव्हलंय का हाय लिव्हलंय?"

"होता."

"हाय करा. सरकारच्या मोजणीवर संशय हाय. मोजणारणीवर नाय. दोन्ही लिव्हा, एकाखाली एक."

या वेळी सरांनी कागद मांडीवर नीट धरला. वळणदार अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि पुन्हा वाचून दाखवल्या, न सांगता. मग भाऊजींनी शाईची डबी पुढं सरकवली. मी ती परत सरकवली आणि पेन मागितलं.

दुसरीत शिकलेलं अक्षर, त्यात इतक्या वर्षांत हात बसलेला नाही. ल काढला, हा काढला, नू काढला. प्रत्येक अक्षर मागच्यापेक्षा मोठं होत गेलं. कागदाची कड आली तेव्हा लहानू एवढंच झालं होतं, बाईला जागाच उरली नव्हती.

पमी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "कळतं कोण ते."